झोपेच्या दाराची कडी

मराठीत झोपेची तक्रार दोन तऱ्हांनी केली जाते. कोणी म्हणतो, डोळ्याला डोळा लागत नाही. दुसरा म्हणतो, झोप लागते हो, पण टिकत नाही; जरा कुठे खुट्ट झाले की चाळवते. वैद्यकाने दोन्ही तक्रारींना निद्रानाश हे एकच नाव दिले असले तरी मेंदूच्या लेखी ही दोन निरनिराळी कामे आहेत: झोप आणणे एक आणि आलेली झोप राखणे दुसरे. गांजातल्या द्रव्यांशी नाते सांगणारी काही रसायने मेंदू स्वतःच तयार करतो, हे कळून आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ती रसायने, त्यांना ओळखणारे रिसेप्टर आणि त्यांचा निचरा करणारी एन्झाइम यांना मिळून एंडोकॅनाबिनॉइड व्यवस्था म्हणतात. झोपेशी तिचा संबंध आहे, याबद्दल आता फारसा वाद नाही. वाद आहे तो संबंध कसला, यावर. एका प्रयोगात ही रसायने झोप वाढवतात, दुसऱ्यात जाग वाढवतात. एकीकडे स्वप्नांची झोप फुलते, दुसरीकडे ती पार आटते. हा पुरावा समोर मांडून बसले की मला एकच वाचन पटते. ही व्यवस्था झोपेचे दार लावणारी नाही, लावलेले दार वाऱ्याने आपटू नये म्हणून बसवलेली कडी आहे. हे ध्यानात घेतले तर बऱ्याचशा विसंगती उलगडतात, आणि गांजाच्या अर्काला झोपेचे औषध म्हणून विकण्यात नेमकी कुठे गफलत होते तेही दिसते.

या कथेची सुरुवात मेंदूपासून नव्हे, वनस्पतीपासून झाली. अफूतून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वेगळे काढले गेले होते. पण गांजाची नशा ज्यामुळे चढते त्या टीएचसीची नेमकी रचना राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी इस्रायलमध्ये मांडली ती थेट १९६४ साली. तेलकट, चिकट, स्फटिकरूप न घेणारे हे द्रव्य रसायनशास्त्रज्ञांना शतकाहून अधिक काळ दाद देत नव्हते. रचना कळल्यावरही ते मेंदूत काय करते हे कळेना, आणि स्निग्ध असल्यामुळे ते पेशींच्या आवरणात शिरून सरसकट गोंधळ घालत असेल, असा अंदाज बरीच वर्षे चालला. १९८८ मध्ये ॲलिन हाउलेट आणि विल्यम डेव्हेन यांनी उंदराच्या मेंदूत टीएचसीसारख्या द्रव्यांसाठी खास जागा असल्याचे दाखवले आणि १९९० मध्ये त्या रिसेप्टरचे जनुकही हाती आले. त्यालाच आपण सीबी-१ म्हणतो. मग साहजिक प्रश्न आला: मेंदूने ही जागा एखाद्या झाडासाठी तर राखून ठेवली नसणार, मग तिथे बसणारे घरचे रसायन कोणते? १९९२ साली डेव्हेन, लुमीर हानुश आणि मेशूलम यांनी डुकराच्या मेंदूतून ते वेगळे केले आणि संस्कृतातल्या ‘आनंद’ या शब्दावरून त्याचे नाव ठेवले आनंदामाइड. त्यानंतर तीन वर्षांनी दुसरे, प्रमाणाने कितीतरी अधिक आढळणारे टू-एजी सापडले. आनंदामाइड हे नाव गोड आहे, पण त्याने थोडी दिशाभूलही केली. आनंद देणारे द्रव्य म्हटले की ते काहीतरी ‘देते’ असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात या द्रव्याचे काम देण्यापेक्षा आवरण्याचे आहे.

ते कसे, हे समजून घेण्यासाठी दोन चेतापेशींच्या सांध्यापाशी, म्हणजे सायनॅप्सपाशी, जरा थांबावे लागते. एरवी तिथला निरोप एकाच दिशेने जातो. अलीकडची पेशी रसायन सोडते, पलीकडची ते घेते. एंडोकॅनाबिनॉइडे उलट्या दिशेने जातात. पलीकडच्या पेशीवर निरोपांचा भडिमार झाला की ती आपल्याच आवरणातल्या चरबीतून तिथल्या तिथे आनंदामाइड किंवा टू-एजी घडवते. ते मागे वाहत जाऊन अलीकडच्या पेशीच्या टोकावरच्या सीबी-१ वर बसते आणि जणू सांगते, ‘पुरे, जरा हात आवर.’ २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी हा उलटा प्रवास जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिला. या द्रव्यांचा साठा पेशीत भरून ठेवलेला नसतो. गरज पडली की तयार व्हायचे, काम झाले की लगेच मोडीत निघायचे. आनंदामाइड मोडणारे एफएएएच नावाचे एन्झाइम आणि टू-एजी मोडणारे दुसरे एक, ही दोन्ही सतत कामावर असतात. म्हणून या निरोपाचा आवाका लहान असतो: एवढाच सांधा, एवढाच क्षण. आणखी एक गोष्ट पुढच्या साऱ्या वादाचे मूळ आहे. सीबी-१ हा रिसेप्टर उत्तेजन देणाऱ्या ग्लुटामेटच्या पेशींवर असतो, तसाच आवर घालणाऱ्या गाबाच्या पेशींवरही असतो. पहिल्या ठिकाणी तो आवर घालतो तेव्हा मेंदूचा तो भाग शांत होतो. दुसऱ्या ठिकाणी मात्र आवर घालणाऱ्यालाच आवर बसतो आणि तो भाग चेततो. म्हणजे ‘कॅनाबिनॉइडे मेंदू शांत करतात की जागा करतात’ हा प्रश्न जागा आणि वेळ सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही.

आता झोपेकडे वळू. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेले दोन प्रक्रियांचे प्रारूप आजही झोपेच्या अभ्यासाचा कणा आहे. एक प्रक्रिया जागरणाच्या हिशेबाची. जितके जागाल तितका झोपेचा दाब चढतो आणि झोपलात की उतरतो. ॲडेनोसिन हे या दाबाचे एक महत्त्वाचे रसायन, आणि चहा-कॉफीतले कॅफिन नेमके त्याच्याच वाटेत आडवे येते. दुसरी प्रक्रिया शरीराच्या घड्याळाची, म्हणजे दिवसरात्रीच्या चक्राशी बांधलेल्या लयीची. या दोहोंच्या खाली प्रत्यक्ष अदलाबदल करणारी मंडळे आहेत. हायपोथॅलॅमसमधला एक गट जागेपणाच्या केंद्रांना दाबतो, ती केंद्रे उलट त्या गटाला दाबतात, आणि एकाचे पारडे जड झाले की दुसरे झटकन कोसळते. क्लिफर्ड सेपर यांनी या रचनेची तुलना विजेच्या बटणाशी केली: इकडे किंवा तिकडे, मध्ये लोंबकळणे नाही. आपल्याला झोप लागते तो क्षण आठवत नाही, याचे एक कारण हेच असावे. १९९८ साली सापडलेले ओरेक्सिन हे रसायन या बटणाला जागेपणाच्या बाजूला धरून ठेवते. दिवसा अवेळी झोप कोसळण्याच्या, म्हणजे नार्कोलेप्सीच्या, बहुतांश रुग्णांत ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. असा रुग्ण दिवसभरात निरोगी माणसापेक्षा एकूण फार जास्त झोपतो असे नाही. त्याचे बटण टिकत नाही, नको तेव्हा पडते. म्हणजे एखादी अवस्था टिकवून धरणे हे मेंदूत स्वतंत्र खाते असू शकते, आणि ते बिघडले की झोपेची एकूण बेरीज फारशी न बदलताही माणूस हैराण होतो. माझ्या युक्तिवादाला हे उदाहरण फार मोलाचे वाटते.

मेंदूच्या स्वतःच्या कॅनाबिनॉइडांचा झोपेशी थेट संबंध दाखवणारे काम १९९५-९६ च्या सुमारास सुरू झाले. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत बेंजामिन क्रॅव्हॅट, रिचर्ड लर्नर आणि सहकाऱ्यांनी जागरण घडवलेल्या मांजरांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात ओलिआमाइड नावाचे स्निग्ध द्रव्य शोधले. ते उंदरांना टोचले की उंदीर झोपत. ते मोडणारे एन्झाइम तेच निघाले, आनंदामाइड मोडणारे एफएएएच. त्याच सुमारास सीबी-१ अडवणारे रिमोनाबँट हे द्रव्य उंदरांना दिल्यावर ते मात्रेच्या प्रमाणात अधिकाधिक जागे राहतात असे दिसले. पुढे मेक्सिकोत एरिक मुरिलो-रॉड्रिगेझ आणि सहकाऱ्यांनी आनंदामाइड दिल्याने उंदरांची गाढ झोप आणि स्वप्नांची रेम झोप दोन्ही वाढतात असे दाखवले. २००३ मध्ये त्यांनी हेही दाखवले की आनंदामाइड मेंदूच्या पुढच्या तळभागात ॲडेनोसिन वाढवते. एफएएएचचे जनुक काढून टाकलेल्या, म्हणजे ज्यांच्यात आनंदामाइड साचून राहते अशा उंदरांत गाढ झोप अधिक आढळली. उलट जन्मतःच सीबी-१ नसलेल्या उंदरांच्या झोपेत नाना तऱ्हेचे बिघाड दिसले. इथवरचा पुरावा वाचून कोणीही म्हणेल की सापडले, हेच मेंदूचे घरगुती झोपेचे औषध. तसे म्हटलेही गेले. पण कस लागतो तो पुढच्या प्रश्नावर: ही व्यवस्था बंद केली तर झोप येणेच थांबते का?

त्याचे सगळ्यात स्वच्छ उत्तर मला २०१६ च्या एका अभ्यासात दिसते. अमेरिकेत मॅथ्यू पावा, ॲलेक्झांड्रोस मॅक्रियानिस आणि डेव्हिड लव्हिंगर यांनी उंदरांत सीबी-१ कधी चेतवला, कधी अडवला, आनंदामाइड आणि टू-एजी यांचा निचरा कधी थोपवला, आणि प्रत्येक वेळी मेंदूच्या लहरी नोंदवल्या. आनंदामाइड वाढले की रेमविरहित झोपेचे तुकडे लांबले, झोप स्थिर झाली. सीबी-१ अडवला की तीच झोप चिंध्यांसारखी फाटली: उंदीर झोपत, पुन्हा उठत, पुन्हा झोपत. रेम झोपेवरचे परिणाम मात्र एकसारखे नव्हते. मग संशोधकांनी उंदरांना जागवले आणि सीबी-१ अडवून ठेवला. जागरणाची भरपाई करणारी जादा झोप तरीही आली. दाब चढला होता, तो उतरवण्याची ओढ शाबूत होती. फक्त ती झोप एकसंध राहिली नाही. आणायचे काम आणि राखायचे काम या दोहोंना वेगळे काढणारा याहून थेट प्रयोग माझ्या वाचनात नाही. दार लागत होते, कडी नव्हती. ॲडेनोसिनचा जो पुरावा वर दिला तो याच्या आड येतो असे वाटू शकते, कारण ॲडेनोसिन म्हणजे दाबच. पण तिथे आनंदामाइड बाहेरून दिलेले होते. एखादे द्रव्य बाहेरून ओतल्यावर काय होते हा एक प्रश्न. रोजच्या व्यवहारात ते नसले तर काय अडते हा निराळा प्रश्न. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अडवण्याच्या प्रयोगातूनच मिळते, आणि ते उत्तर दाबाच्या बाजूने नाही.

यावर एक वजनदार आक्षेप लयीचा आहे. ही व्यवस्था जर झोप राखत असेल, तर तिची रसायने झोपेच्या वेळी सगळ्यात जास्त असायला हवीत. तसे सरळ दिसत नाही. उंदीर निशाचर; त्यांच्या मेंदूच्या कित्येक भागांत आनंदामाइड रात्री, म्हणजे त्यांच्या वावराच्या वेळी, अधिक असते, तर टू-एजी दिवसा, त्यांच्या झोपेच्या वेळी. माणसाच्या रक्तात टू-एजी झोपेच्या मध्यावर तळाशी जाते आणि दुपारच्या आसपास शिखरावर येते, हे शिकागोतल्या एरिन हॅन्लन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांनी पुढे तरुण, निरोगी लोकांना चार रात्री जेमतेम साडेचार तास झोपू दिले, तेव्हा ते दुपारचे शिखर आणखी उंचावले, संध्याकाळपर्यंत लांबले, आणि लोकांचा हात खाऊकडे अधिक वळला. आक्षेप खरा आहे, पण त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले, रक्तातली पातळी हा मेंदूतल्या सांध्याचा आरसा नव्हे. ही रसायने चरबीच्या पेशी, आतडे, यकृत असे सगळेच बनवतात, आणि सायनॅप्सपाशी त्यांचे आयुष्य क्षणाचे असते. दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. कडी फक्त झोपेच्याच दाराला असते असे कोणी सांगितले? सीबी-१ हायपोथॅलॅमसमधल्या भुकेच्या आणि ओरेक्सिनच्या मंडळांतही हजर आहे. जागेपणी अन्नाकडे लक्ष टिकवणे आणि झोपेत झोप टिकवणे ही एकाच व्यवस्थेची दोन ठिकाणची कामे असू शकतात. हे माझे अनुमान आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण ‘शिखर दुपारी, म्हणून झोपेशी संबंध नाही’ या तर्काहून ते पुराव्याला अधिक जुळते. घड्याळाशीही या व्यवस्थेचे थोडे वैर दिसते: हॅमस्टरांत सीबी-१ चेतवला की प्रकाशाने घड्याळ पुढेमागे सरकण्याचा परिणाम मंदावतो. तिथेही तिचा स्वभाव चालू अवस्था सहजासहजी हलू न देण्याचाच.

उंदरांवरून माणसाचे निदान करू नये, हा आक्षेप तर प्रत्येक वेळी उठवलाच पाहिजे. सुदैवाने, की दुर्दैवाने म्हणावे, माणसांत सीबी-१ अडवण्याचा एक अजस्र प्रयोग होऊन गेला आहे. रिमोनाबँट हेच द्रव्य वजन कमी करण्याचे औषध म्हणून २००६ मध्ये युरोपात विक्रीला आले. भूक कमी झाली, वजन उतरले. पण नैराश्य, चिंता, आत्महत्येचे विचार आणि झोपेच्या तक्रारी इतक्या वाढल्या की अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २००७ मध्ये त्याला हिरवा कंदील नाकारला, ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपने विक्री थांबवली आणि पुढे भारतातही त्यावर बंदी आली. यावर कोणी म्हणेल की चिंतेनेच झोप उडाली असेल, त्यात कडीचा काय पुरावा? म्हणणे रास्त आहे. एकट्या रिमोनाबँटवरून मी झोपेबद्दल काहीच सिद्ध करू शकत नाही. पण उंदरांतला निष्कर्ष माणसात उलटा निघाला असता तर तो इथे दिसायला हवा होता. तो दिसला नाही. आणि ज्या व्यवस्थेला हात लावल्यावर मन, भूक, झोप तिन्ही एकदम डळमळतात, ती केवळ झोपेपुरती कधीच नव्हती, एवढे तरी त्या रुग्णांच्या हालांतून शिकायला हवे.

मग गांजाने झोप येते ते काय? इथे सामान्य समजूत आणि नोंदी यांच्यात फट पडते. टीएचसी सीबी-१ वरच बसते, पण ते आनंदामाइडसारखे मागणीप्रमाणे एका सांध्यापाशी येत नाही. ते रक्तातून साऱ्या मेंदूत एकदम पसरते, गाबाच्या आणि ग्लुटामेटच्या पेशींत भेद करत नाही, आणि तासन्‌तास हटत नाही. घराच्या एका दाराला कडी हवी असताना सगळीच दारे, खिडक्या, फडताळे कुलूपबंद करावीत तसा हा प्रकार. परिणामही तसाच मिळतो. १९७५ च्या सुमारास अर्विन फाइनबर्ग यांनी रोज ७० ते २१० मिलिग्रॅम इतक्या दांडग्या मात्रेत टीएचसी देऊन झोप नोंदवली तेव्हा रेम झोप घटली, आणि टीएचसी थांबवताच ती उसळून वर आली. ज्या आनंदामाइडने उंदरांत रेम वाढली, त्याच्याच रिसेप्टरवर बसणारे टीएचसी माणसात रेम दाबते. दोघांना एकच मानणाऱ्याला हे कोडे कधी सुटणार नाही. ब्रिटनमध्ये अँथनी निकल्सन यांनी २००४ मध्ये आठ निरोगी तरुणांना १५ मिलिग्रॅम टीएचसी दिले. रात्रीच्या झोपेत फरक पडला नाही. सकाळी मात्र ते पेंगुळलेले होते. कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, जोडीला दिले की उलट जाग वाढली. सीबीडीचा स्वतःचा हिशेब आणखी निराळा: ब्राझीलमधल्या एका जुन्या अभ्यासात १६० मिलिग्रॅमने झोप लांबल्याचे लोकांनी सांगितले, तर तिथल्याच २०१८ च्या अभ्यासात ३०० मिलिग्रॅमने निरोगी माणसांच्या झोपेवर काहीच परिणाम झाला नाही. सीबीडी सीबी-१ ला धड चिकटतही नाही, तेव्हा त्याच्या बाटलीवर चंद्राचे चित्र छापणे मला तरी घाईचे वाटते.

निरोगी माणसांचे सोडा, ज्यांना खरोखर निद्रानाश आहे त्यांचे बोला, असे कोणी म्हणेल. बोलू. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे २०२१ मध्ये दीर्घ निद्रानाशाच्या चोवीस रुग्णांवर टीएचसीप्रधान अर्काचा दोन आठवड्यांचा प्रयोग झाला आणि रुग्णांनी सांगितलेल्या तक्रारी स्पष्ट घटल्या. सिडनीत २०२४ मध्ये वीस रुग्णांना १० मिलिग्रॅम टीएचसी आणि २०० मिलिग्रॅम सीबीडी एकदा देऊन रात्रभर मेंदूलहरी नोंदवल्या. एकूण झोप सुमारे २५ मिनिटांनी घटली आणि रेम झोप सुमारे ३४ मिनिटांनी. पहिल्यात दोन आठवडे आणि दुसऱ्यात एकच रात्र, मात्रा निराळी, मिश्रण निराळे, तेव्हा दोघांची सरळ तुलना होत नाही हे कबूल. पण झोप कशी लागली हे विचारणे आणि झोप मोजणे यांत किती अंतर पडू शकते ते इथे उघड दिसते. हे अंतर म्हणजे रुग्ण खोटे बोलतात असे मुळीच नाही. टीएचसीने चिंता सैल झाली, वेळ सरकल्याचे भान बदलले, मध्येच आलेली जाग आठवेनाशी झाली, तर सकाळी उठून ‘छान झोपलो’ हे प्रामाणिकच उत्तर असते. दुखण्याने रात्र काढणाऱ्या माणसाचे तर आणखी वेगळे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ मध्ये सगळा पुरावा चाळून म्हटले की दीर्घ वेदना, फायब्रोमायाल्जिया, मल्टिपल स्क्लेरोसिस, झोपेतला श्वासरोध अशा आजारांमुळे झोप बिघडलेल्यांना कॅनाबिनॉइडांनी थोड्या काळापुरता फायदा होतो, याला मध्यम बळाचा पुरावा आहे. दुखणे ओसरले की झोप सुधारते. त्यात झोपेच्या मंडळांवर थेट काही घडलेच असे नाही. श्वासरोधाच्या बाबतीत ७३ रुग्णांवरच्या चाचणीत ड्रोनाबिनॉल या कृत्रिम टीएचसीने श्वास अडण्याचे प्रसंग कमी केले खरे, पण दिवसाची जागे राहण्याची क्षमता मोजली तेव्हा ती सुधारली नव्हती, आणि अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीने २०१८ मध्ये या आजारासाठी गांजाजन्य औषधे वापरू नयेत असेच सांगितले. दुःस्वप्नांचा प्रकार मात्र खरा अपवाद म्हणावा असा आहे: कॅनडाच्या सैन्यातल्या आघातग्रस्त पुरुषांच्या एका लहानशा चाचणीत नॅबिलोन या टीएचसीसारख्या कृत्रिम औषधाने दुःस्वप्ने कमी झाली. तिथे झालेला उपयोग रेम दाबण्याच्या गुणाशी जुळतो. पण इतर कोणाला तो गुण हवा असेल असे नाही.

आपल्याकडे सगळ्यात जोराचा आक्षेप परंपरेचा येतो. भावप्रकाशासारख्या निघंटूंत भांग आहे, विजया या नावाने ती आजही आयुर्वेदिक परवान्यावर विकली जाते, १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने शेंडे आणि राळ यांवर बंदी घातली पण नुसती पाने व्याख्येबाहेर ठेवली, आणि आता त्या पानांचे तेल शांत झोपेसाठी म्हणून घरपोच मिळते. शेकडो वर्षांचा अनुभव चुकीचा कसा असेल? अनुभव चुकीचा नाही, तो एका ठिकाणी अपुरा आहे. ब्रिटिश सरकारच्या १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हजाराहून अधिक साक्षीदार तपासले आणि बेताच्या वापराने फारसे नुकसान नाही असा समंजस निष्कर्ष काढला. आजही तो अहवाल आदराने वाचावा असा आहे. पण त्या साक्षीदारांना, आणि त्यांच्या आधीच्या वैद्यांनाही, डोळे मिटलेल्या माणसाच्या मेंदूत काय चालते ते पाहायचे साधन नव्हते. रेम झोप म्हणून काही असते हेच मुळी १९५३ साली शिकागोत कळले. जे आहे हेच माहीत नव्हते, ते हरवले असे कोण सांगणार? शिवाय परंपरेतला वापर बहुधा सणाचा, प्रसंगाचा किंवा वैद्याने बेतून दिलेल्या योगाचा होता. रोज रात्री उशाशी बाटली ठेवून, महिनोन्‌महिने, एकट्याने घेण्याला त्या परंपरेचा आधार देता येत नाही.

आणि खरी अडचण या रोजच्या वापरातच आहे, कारण मेंदू बाहेरून आलेल्या पुराला उत्तर देतो. सतत टीएचसी मिळाले की तो सीबी-१ कमी करत जातो. अमेरिकेत २०१२ मध्ये पेट स्कॅनने केलेल्या पाहणीत रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या बाह्यकात हे रिसेप्टर इतरांपेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे झोपेसाठी घेतलेल्या द्रव्याने झोप राखणारी कडीच झिजते. टीएचसी चालू असेतोवर ही झीज झाकलेली राहते. थांबवल्यावर उघडी पडते. झोप लागेना, लागली तर तुटे, आणि दबून राहिलेली रेम झोप विचित्र, भडक स्वप्ने घेऊन उसळून येते. २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या वर्गीकरणाने गांजा सोडल्यावरच्या त्रासांत झोपेचा हा बिघाड रीतसर नोंदवला आहे. येल विद्यापीठात दीपक सिरिल डिसूझा यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी मला म्हणूनच इतकी अर्थपूर्ण वाटते. गांजा सोडू पाहणाऱ्या सत्तर पुरुषांपैकी काहींना त्यांनी टीएचसीसारखे काही दिले नाही, तर एफएएएच अडवणारे औषध दिले. म्हणजे आनंदामाइड बाहेरून न ओतता, जिथे जेव्हा ते आपसूक बनते तिथे ते थोडे अधिक रेंगाळू दिले. सोडल्यानंतरचा त्रास घटला, गांजाचा वापर घटला, आणि गाढ झोपेतली तूटही कमी झाली. ही वाट निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही. २०१६ च्या जानेवारीत फ्रान्समधल्या रेन शहरात याच एन्झाइमवरच्या एका वेगळ्या औषधाच्या चाचणीत एका स्वयंसेवकाचा मृत्यू झाला आणि इतर काही गंभीर आजारी पडले. त्या औषधाने एफएएएचबरोबर भलतीच एन्झाइमेही अडवली होती, असे पुढच्या तपासात दिसले. तरीही सगळी दारे कुलूपबंद करण्यापेक्षा झिजलेल्या कडीला तेल घालण्याचा हा विचार पुराव्याला धरून आहे.

असे औषध हाती येईतोवर डॉक्टरांनी, वैद्यांनी आणि घरच्यांनी करता येण्याजोगी एक गोष्ट उरते. गांजा किंवा विजयेचे तेल सोडणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या रात्री घामाने भिजून, भयंकर स्वप्नातून दचकून उठतो आणि स्वतःशी म्हणतो, माझा जुना निद्रानाश परतला, मला हे लागतेच. तिथेच तो पुन्हा बाटलीकडे वळतो. त्याला आधीच सांगायला हवे की हा जुना आजार नव्हे, रिसेप्टर जागेवर येण्याआधीचा काळ आहे. वर सांगितलेल्या पेट स्कॅनच्या पाहणीत साधारण चार आठवडे गांजापासून दूर राहिलेल्यांचे सीबी-१ पुन्हा वाढलेले दिसले होते. पहिल्या पंधरवड्यातल्या रात्री सगळ्यात वाईट जातात, त्या काळात त्याच्या उशाशी कोणीतरी असावे, आणि स्वप्नांबद्दल त्याला सकाळी कोणी विचारावे.